ब्लॉकेज नाही, म्हणून मॉनिटर काढायची घाई नको

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या आरोग्य पुरवणीतला ताकोत्सुबो या हृदयविकारावरचा लेख वाचला. मोठ्या मानसिक धक्क्यानंतर हृदयाचा स्नायू एकाएकी दुबळा पडतो, अँजिओग्राफी केली तर ब्लॉकेज सापडत नाही आणि काही आठवड्यांत हृदय पुन्हा पहिल्यासारखं चालू लागतं, असं त्यात लिहिलं होतं. या तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत. पण त्यांच्या आधाराने लेखाने शेवटी जे म्हटलं, की हा आजार तात्पुरता आहे आणि काळजीचं कारण नाही, ते वाचून मी अस्वस्थ झाले. माझ्या नोकरीची बहुतेक वर्षं हृदयरोग अतिदक्षता विभागात परिचारिका म्हणून गेली. या आजाराचे रुग्ण मी खाटेजवळ उभी राहून पाहिले आहेत. त्यांतले बहुतेक जण बरे होऊन घरी गेले. पण काहींचा जीव ठोक्यांच्या बिघाडामुळे टांगणीला लागला होता, आणि त्या बिघाडाबद्दल लेखात अवाक्षर नव्हतं.

लेख ज्यांच्या नजरेतून सुटला असेल त्यांच्यासाठी आजाराची थोडी ओळख करून देते. जपानमध्ये हिकारू सातो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1990 साली त्याचं वर्णन केलं. छातीत दुखतं, दम लागतो, ईसीजी हार्ट अटॅकसारखा दिसतो, हृदयाच्या स्नायूला इजा झाल्याचं दाखवणारं रक्तातलं ट्रोपोनिनही वाढलेलं असतं. टूडी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, केला की वेगळंच चित्र समोर येतं. हृदयाच्या डाव्या खालच्या कप्प्याचं टोक फुगून निपचित पडलेलं असतं आणि त्याच कप्प्याचा वरचा भाग मात्र नेहमीपेक्षा जोराने आकुंचन पावत असतो. दहा रुग्णांतल्या नऊ बायका, त्याही बहुतेक पाळी गेल्यानंतरच्या वयातल्या. मानसिक धक्क्याची बाजू लोकांना माहीत असते, पण 2015 साली अनेक देशांतल्या 1750 रुग्णांची जी पाहणी प्रसिद्ध झाली, तिच्यात शारीरिक कारणाने आजारी पडलेले 36 टक्के होते आणि मानसिक धक्क्याने सुमारे 28 टक्के. जवळपास तितक्याच रुग्णांच्या बाबतीत काहीच कारण सापडलं नाही. शस्त्रक्रिया, दम्याचा तीव्र झटका, रक्तात पसरलेला जंतुसंसर्ग, मेंदूतला रक्तस्राव, फिट्स, यांतलं काहीही पुरतं. क्वचित अतिशय आनंदाच्या प्रसंगानंतरही हा आजार झालेला आहे. पुरुषांत तो कमी दिसतो, पण झालाच तर जास्त गंभीर असतो.

त्याच पाहणीत रुग्णालयात असतानाच दगावलेल्यांचं प्रमाण 4.1 टक्के होतं. नेहमीच्या, ब्लॉकेजमुळे येणाऱ्या हार्ट अटॅकच्या रुग्णांशी तुलना केली तेव्हा मृत्यूचं प्रमाण तिथेही जवळपास तेवढंच निघालं. ज्या आजारात शंभरातली चार माणसं घरी परतत नाहीत, त्याला निरुपद्रवी कसं म्हणायचं? हे मृत्यू सगळेच ठोक्यांमुळे होत नाहीत. हृदयाचा जोर कमी पडून रक्तदाब कोसळतो, फुगलेल्या टोकात रक्ताची गाठ धरते, मूळचा शारीरिक आजारही जीव घेतो. पण खालच्या कप्प्यांतून उठणारे घातक ठोके या आजाराच्या साधारण 3 ते 9 टक्के रुग्णांत नोंदले गेले आहेत, आणि वेळेवर हाती लागले तर यांच्याइतकं झटपट सुधारणारं दुसरं काही नाही. म्हणूनच त्यांच्याविषयी लिहायला बसले.

प्रत्येक ठोक्याला हृदयाच्या खालच्या कप्प्यांतून विजेची लहर जाते, स्नायू आकुंचन पावतो आणि मग त्याच्या पेशी पुढच्या ठोक्यासाठी पुन्हा तयार होतात. ही तयारी पूर्ण व्हायला लागणारा वेळ ईसीजीवर मोजता येतो. त्याला क्यूटी म्हणतात, आणि नाडीच्या वेगाचा हिशेब धरून काढलेल्या आकड्याला क्यूटीसी. तो पुरुषांत साधारण 450 आणि बायकांत 460 मिलिसेकंदांच्या आत असावा. 500 ओलांडला की आम्हा परिचारिकांची नजर त्या खाटेवरून हलत नाही. पेशींची तयारी लांबते आहे आणि तेवढ्यात अवेळी एखादा ठोका पडला, तर सगळा ताल सुटून हृदय वेगाने फडफडू लागतं. ईसीजीच्या कागदावर ठोक्यांची टोकं मधल्या रेषेभोवती पीळ घेत वर-खाली फिरताना दिसतात. देसर्तेन या फ्रेंच डॉक्टरांनी 1966 साली या लयीचं वर्णन केलं, तिला टोर्साद द प्वांत म्हणतात. ती काही सेकंदांत आपोआप थांबली तर रुग्णाला चक्कर येते किंवा शुद्ध हरपते. नाही थांबली तर हृदयाचं नुसतं थरथरणं उरतं, मेंदूला रक्त पोचत नाही, आणि मिनिटांत सगळं संपतं.

ताकोत्सुबोत हा आकडा का वाढतो? धक्क्याच्या वेळी शरीरात ॲड्रेनॅलिन आणि त्याच्या जातीच्या संप्रेरकांचा लोंढा येतो. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सच्या डॉक्टरांनी मानसिक धक्क्यानंतर आलेल्या अशा रुग्णांचं रक्त तपासलं, तेव्हा गंभीर हार्ट अटॅकच्या रुग्णांपेक्षाही ही संप्रेरकं दुपटी-तिपटीने जास्त निघाली. ते संशोधन 2005 साली प्रसिद्ध झालं. या लोंढ्याचा तडाखा हृदयाच्या टोकाला सर्वांत जास्त बसतो. तिथल्या स्नायूला सूज येते, पेशींमधला कॅल्शियमचा व्यवहार बिघडतो, आणि टोकाकडच्या पेशी वरच्या पेशींपेक्षा उशिरा सावरतात. एकाच कप्प्याचा एक भाग तयार आणि दुसरा अजून अर्धवट, अशी स्थिती असेल तर अवेळी आलेली लहर त्या दोन भागांमध्ये गरगर फिरत राहते. त्यात ॲड्रेनॅलिनमुळे रक्तातलं पोटॅशियम पेशींमध्ये ओढलं जाऊन कमी होतं. शिवाय बायकांचा क्यूटी मुळातच थोडा लांब असतो.

आता माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची गोष्ट. ही सूज आणि हा लांबलेला क्यूटी पहिल्या तासात नसतो. पहिल्या दिवशी ईसीजी हार्ट अटॅकसारखा असतो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून टी लाटा, म्हणजे पेशी सावरतानाच्या ईसीजीवरच्या लाटा, उलट्या होतात, खोल आणि रुंद होत जातात, आणि क्यूटी ताणला जातो. धोका सर्वांत जास्त असतो तो साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवसात. नेमक्या याच दिवसांत रुग्णाला बरं वाटू लागलेलं असतं. छातीतलं दुखणं थांबलेलं, अँजिओग्राफी होऊन गेलेली, नातेवाइकांना 'ब्लॉकेज नाही' हे कळलेलं. खाट हवी असते म्हणून विभागही रुग्णाला बाहेर हलवायला उत्सुक असतो, आणि घरी न्यायला मंडळीही उतावीळ असतात.

अशाच एक मावशी आमच्याकडे होत्या. साठी ओलांडलेल्या, नवऱ्याच्या आकस्मिक मृत्यूनंतर काही तासांत छातीत दुखतं म्हणून आणलेल्या. रक्तवाहिन्या स्वच्छ निघाल्या, इकोत टोक फुगलेलं दिसलं. फुप्फुसांत पाणी साचू लागलं होतं म्हणून लघवीचं इंजेक्शन चालू होतं. तिसऱ्या दिवशी सकाळी त्या उशीला टेकून बसल्या, केस विंचरून घेतले, मुलाशी चार शब्द बोलल्या. मुलगा माझ्याजवळ येऊन म्हणाला, "सिस्टर, रिपोर्ट नॉर्मल आलाय ना, मग आईला साध्या खोलीत न्या. इथल्या आवाजाने तिचा डोळा लागत नाही." त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं. त्या खोलीत रात्रंदिवस काही ना काही वाजतच असतं.

मावशींना मळमळत होतं. ड्यूटीवरच्या नवीन डॉक्टरांनी उलटीसाठी ऑन्डान्सेट्रॉन लिहून ठेवलं होतं. सिरिंज हातात घेण्याआधी मी सकाळचा ईसीजी पाहिला. छातीवरच्या सगळ्या लीडमध्ये टी लाटा उलट्या, इतक्या रुंद की एक संपायच्या आत पुढचा ठोका येऊन टेकत होता. मशीनने काढलेला क्यूटीसीचा आकडा 540. यंत्राचा आकडा चुकतो, म्हणून मी कागदावरचे चौकोन स्वतः मोजले. रक्ताचा रिपोर्ट आला होता, पोटॅशियम 3.1, म्हणजे कमी. मी वरिष्ठ डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, इंजेक्शन देऊ नका, त्याने क्यूटी आणखी लांबेल. ताल सुटलाच तर तो आवरायला मॅग्नेशियम तयार ठेवा, मी येतोय.

ते पोचायच्या आत मॉनिटरवर एक अवेळी ठोका आला. मग थांबा, नेहमीपेक्षा लांब. मग एक ठोका, आणि त्याच्या पाठोपाठ ती पीळ घेणारी रेषा. मावशी "अगं बाई, अंधारून..." इतकंच बोलल्या आणि मान कलली. काही सेकंदांत लय आपोआप जागेवर आली, त्यांनी डोळे उघडले, काय झालं ते त्यांना कळलं नव्हतं. मॅग्नेशियम शिरेतून सुरू करतो तोच दुसऱ्यांदा तेच, आणि या वेळी थांबेना. नाडी लागत नव्हती. शॉक दिला, एकाच शॉकला लय आली. पुढचा सगळा दिवस पोटॅशियम भरणं आणि तपासणं, शिरेतून हृदयापर्यंत तात्पुरती पेसिंगची तार घालून ठोक्यांचा वेग मुद्दाम वाढता ठेवणं, यात गेला. वेग वाढला की क्यूटी आखडतो आणि ते लांब थांबे पडत नाहीत, ज्यांच्यामागून हा ताल सुरू होतो.

मुलगा काचेबाहेर उभा होता. मी बाहेर आले तर त्याचा पहिला प्रश्न होता, "पण ब्लॉकेज तर नव्हतं ना?" मावशी पुढे बऱ्या होऊन घरी गेल्या, काही आठवड्यांनी इको आणि ईसीजी दोन्ही पूर्ववत झाले. तो प्रश्न मात्र मी नंतरही इतर नातेवाइकांच्या तोंडून ऐकत राहिले. लोकांना हृदय म्हटलं की नळ्या तेवढ्या ठाऊक असतात. हृदयाला विजेचंही एक तंत्र आहे आणि नळ्या मोकळ्या असूनही ते बिघडू शकतं, हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं. आपल्या पुरवणीतल्या लेखानेही ते सांगितलं नाही, हीच माझी तक्रार आहे.

औषधांविषयी थोडं सविस्तर लिहिते, कारण इथे घरच्या माणसांचा खरा उपयोग होतो. क्यूटी लांबवणारी औषधं मुळीच दुर्मीळ नाहीत. उलटीवरचं ऑन्डान्सेट्रॉन आणि डॉम्पेरिडोन, संसर्गावरची ॲझिथ्रोमायसिन आणि लिव्होफ्लॉक्सासिन, बुरशीवरचं फ्लुकोनाझोल, भ्रम झालेल्या किंवा फार अस्वस्थ रुग्णाला देतात ते हॅलोपेरिडॉल, नैराश्यावरची सिटालोप्राम आणि एस्सिटालोप्राम. यांतली बहुतेक औषधं एरवी कोट्यवधी माणसं निर्धास्त घेतात, आणि ती वाईट आहेत असं मी अजिबात म्हणत नाही. पण ताकोत्सुबोच्या रुग्णाचा विचार करा. माणूस गेल्याच्या दुःखात आहे, झोप नाही, मळमळ आहे, छातीत पाणी आहे, कदाचित संसर्गही आहे. एका डॉक्टरने उलटीचं औषध लिहिलं, दुसऱ्याने अँटिबायोटिक, मानसोपचाराच्या डॉक्टरांनी नैराश्याची गोळी. प्रत्येकाचं आपल्या जागी बरोबर. तिन्ही एकाच शरीरात, पोटॅशियम खाली गेलेलं असताना एकत्र आली की काय होईल, हे कुणी तरी एकत्र पाहायला हवं. नैराश्यावरची चालू गोळी मात्र आपल्या मनाने बंद करू नये. डॉक्टरांना चालू औषधांची पूर्ण यादी दाखवून विचारावं.

आणखी एक अडचण, जी बाहेरच्या माणसाला कळत नाही. या आजारात नेहमीचे इलाजही जपून करावे लागतात. टोर्सादवर एरवी ठोक्यांचा वेग वाढवायला आयसोप्रिनॅलिन वापरतात, पण ते ॲड्रेनॅलिनच्याच जातीचं, म्हणजे ज्याने हृदय लोळवलं तेच पुन्हा घालायचं. घातक ठोक्यांवर सरसकट वापरलं जाणारं ॲमिओडॅरोन स्वतःच क्यूटी लांबवतं. बीटा ब्लॉकर पटण्यासारखे वाटतात, कारण ते ॲड्रेनॅलिनला अडवतात. पण नाडी आधीच मंद आणि क्यूटीसी 500 च्या वर असेल तर ते ठोका आणखी मंद करून थांबे वाढवू शकतात. म्हणून हा रुग्ण अनुभवी हृदयरोगतज्ज्ञाच्या देखरेखीखाली असावा, असा माझा आग्रह आहे. शरीरात कायमचं डिफिब्रिलेटर, म्हणजे घातक ठोके ओळखून आपोआप शॉक देणारं यंत्र, बसवायचं का, हा प्रश्न नातेवाईक घाबरून लगेच विचारतात. क्यूटी बहुधा आठवड्यांत, कधी महिन्यांत पूर्ववत होतो, त्यामुळे घाईने असं यंत्र बसवणं सहसा टाळतात. तो निर्णय प्रत्येक रुग्णापुरता वेगळा.

नातेवाइकांना माझी विनंती आहे, की निदान ताकोत्सुबोचं झालं असेल तर मॉनिटर काढण्याचा आग्रह तुमच्याकडून होऊ नये. किमान चौथा दिवस उलटेपर्यंत, आणि क्यूटीसी 500 च्या वर असेल तर तो खाली येईपर्यंत, तारा छातीवर राहू द्या. झोप लागत नसेल तर अलार्मचा आवाज कमी करण्याबद्दल सिस्टरशी बोला, त्यातून मार्ग निघतो. आजचा क्यूटीसी किती, पोटॅशियम-मॅग्नेशियम किती, हे दोन प्रश्न रोज विचारा. एखादे डॉक्टर वैतागतील, पण हे प्रश्न रास्त आहेत. घरी जाताना शेवटच्या ईसीजीची प्रत मागून घ्या आणि पुढचा ईसीजी कधी ते लिहून घ्या. घरी गेल्यावर रुग्ण उभ्याउभ्या कोसळला किंवा छातीत फडफड होऊन डोळ्यांपुढे अंधारी आली, तर 'अशक्तपणा असेल, दुःखातून सावरतेय बिचारी' असं म्हणून घरी झोपवून ठेवू नका. थेट रुग्णालय गाठा. एवढ्या मोठ्या दुःखानंतर कुणी चक्कर येऊन पडलं तर त्याचा दोष मनालाच दिला जातो, बाईमाणसाच्या बाबतीत तर हमखास. माझ्या मते यात आपल्या समाजाचा फार मोठा आंधळेपणा आहे. धक्का मनाला बसलेला असला, तरी लय हृदयाची चुकलेली असू शकते, आणि ती ईसीजीशिवाय कळत नाही.

अतिदक्षता विभागात नव्याने रुजू होणाऱ्या मुलींनाही एक सांगायचं आहे. टी लाट उलटी होणं रोज दिसतं, त्यामुळे नजर मरते. तरीही अँजिओग्राफी नॉर्मल असलेल्या बाईचा दुसऱ्या-तिसऱ्या दिवसाचा ईसीजी हातात आला की तो पहिल्या दिवसाच्या शेजारी ठेवा, क्यूटी स्वतः मोजा आणि इंजेक्शन देण्याआधी औषधाचं नाव पुन्हा वाचा. शंका आली तर वरच्या डॉक्टरांना झोपेतून उठवायला कचरू नका.

हा आजार पुन्हा होऊ शकतो. वर्षाला शंभरातल्या एक-दोन जणांना तो परत झाल्याचं दिसतं, आणि दर वेळी कारण तेच असेल असं नाही. म्हणून एकदा ताकोत्सुबो झालेल्या व्यक्तीने पुढच्या कोणत्याही शस्त्रक्रियेआधी भूल देणाऱ्या डॉक्टरांना तो सांगितला पाहिजे. जुना ईसीजी जपून ठेवला असेल तर तुलना करायला फार उपयोगी पडतो.

आपल्या पुरवणीला वाचकवर्ग मोठा आहे. 'काळजीचं कारण नाही' हे वाक्य वाचून एखाद्या घरातून रुग्णाला दुसऱ्याच दिवशी घरी आणलं जाऊ नये, म्हणून पुढच्या एखाद्या अंकात ठोक्यांच्या बिघाडावर स्वतंत्र लेख छापावा, ही विनंती. त्यात दुसऱ्या ते चौथ्या दिवसाचा धोका ठळकपणे यावा आणि क्यूटी लांबवणाऱ्या औषधांची यादी हृदयरोगतज्ज्ञाकडून तपासून घेऊन शेजारी चौकटीत द्यावी.

आपली विश्वासू,
हृदयरोग अतिदक्षता विभागातील एक निवृत्त परिचारिका